प्रतिजैविकांऐवजी सुगंधी तेले: जनावरांच्या खाद्यात आणि पाण्यात कशी वापरायची

काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवाणूंवर ओव्याचे किंवा लवंगेचे तेल टाकले की ते झपाट्याने मरतात. तेच तेल डुकराच्या पिलाच्या खाद्यात नुसते कालवले, तर त्यातले थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल जवळजवळ सगळे जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते. पुढच्या आतड्यात, जिथे ते हवे असते तिथे, फारच थोडे उरते. सुगंधी तेले वापरून फरक पडला नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. तेल चांगले की वाईट हे नंतर बघू. आधी ते किती प्रमाणात आणि आतड्याच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचते, हे बघायचे.

ही तेले कशाची जागा घेतात

स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली. युरोपीय संघात ही बंदी १ जानेवारी २००६ पासून पूर्ण झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाला जिवाणू दाद देईनासे करणाऱ्या एमसीआर-१ या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. तो प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. सुगंधी तेलांकडे लोक वळले ते या पार्श्वभूमीवर.

रोज थोड्या मात्रेत, आजार नसताना, वाढीसाठी किंवा खबरदारी म्हणून दिली जाणारी प्रतिजैविके ही तेले बऱ्याच अंशी हटवू शकतात. आजारी पडलेल्या जनावराचा उपचार त्यांनी होत नाही. ताप आलेल्या, रक्ती हगवण लागलेल्या किंवा सडाला सूज आलेल्या जनावराला तेलावर ठेवणे म्हणजे त्याचे हाल करणे आहे. तिथे पशुवैद्यकाने ठरवलेले औषध पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस द्यायचे.

कोणत्या तेलात काय असते

ओवा आणि थाइममध्ये थायमॉल, ओरेगॅनोमध्ये कार्व्हाक्रॉल, लवंगेत युजेनॉल आणि दालचिनीच्या सालीत सिनामाल्डिहाइड हे मुख्य घटक. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल यांचे रेणुसूत्र एकच आहे, फक्त हायड्रॉक्सिल गटाची जागा वेगळी. हे रेणू जिवाणूच्या पटलात घुसतात, पटल गळके होते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीची ऊर्जा संपते. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर, म्हणजे कोंबड्यांच्या आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्यांवर, हा मारा लवकर चालतो. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना बाहेरचे आणखी एक आवरण असते, म्हणून ते जास्त चिवट. स्यूडोमोनास तर बहुतेक तेलांना जुमानत नाही.

प्रयोगशाळेत ई. कोलायची वाढ थांबवायला दर लिटरला काही शे मिलिग्रॅम थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल लागते. खाद्यात आपण घालतो किलोला १०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही आतड्यातल्या रसात आणखी पातळ होते. म्हणजे खाद्यातली मात्रा जिवाणूंचा सरसकट नायनाट करत नाही. पाचक रस वाढणे, आतड्याची सूज कमी राहणे, खाद्यातली चरबी खवट न होणे आणि काही जिवाणूंची वाढ मंदावणे, या सगळ्याचा मिळून फायदा दिसतो. म्हणून निकाल दोन दिवसांत शोधू नका.

विकत घेताना

बाटलीवर फक्त ‘ओरेगॅनो तेल’ लिहिलेले असेल तर ते घेऊ नका. त्या विशिष्ट खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागा आणि त्यात मुख्य घटकाचे टक्के पाहा. थाइमच्या एकाच जातीत थायमॉलचे, कार्व्हाक्रॉलचे आणि लिनालूलचे असे वेगवेगळे प्रकार असतात. लिनालूलवाल्या थाइमचा वास सुरेख असतो, पण आपल्या कामात तो कमी पडतो. दालचिनीत तर पान आणि साल यांची तेलेच वेगळी: सालीत मुख्यतः सिनामाल्डिहाइड, पानात मुख्यतः युजेनॉल. लवंगेच्या कळीच्या तेलात युजेनॉल साधारण ७० ते ९० टक्के असते.

घरच्या घरी दोन ढोबळ चाचण्या होतात. गाळणकागदावर एक थेंब टाकून उबदार जागी दिवसभर ठेवा. पारदर्शक तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. लवंगेच्या तेलाचा थेंब पाण्यात बुडला पाहिजे, कारण ते पाण्यापेक्षा जड असते. तरंगला तर भेसळीचा संशय घ्या. या चाचण्या खोटा माल पकडायला उपयोगी पडतात, टक्के मात्र अहवालच सांगतो.

साठवण गडद काचेत किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात, सावलीत, तोंडापर्यंत भरलेली. अर्धी रिकामी बाटली हवेने लवकर बिघडते. थायमॉल जास्त असलेले तेल थंडीत तळाशी स्फटिक धरते, कारण शुद्ध थायमॉल साधारण ५० अंश सेल्सिअसला वितळते. अशी बाटली न हलवता वरचे तेल मोजून घेतले तर पहिल्या खेपेत थायमॉल कमी आणि शेवटच्या खेपेत जास्त जाते. ४५ ते ५० अंशांच्या गरम पाण्यात बाटली उभी ठेवा, स्फटिक पूर्ण विरघळू द्या, हलवा आणि मगच मोजा. मोजायचे ते वजनाने, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. थेंब मोजणे सोडून द्या, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा असतो.

मात्रा

खालचे आकडे तेलाचे नसून सक्रिय घटकाचे आहेत, आणि ते तयार खाद्याच्या दर किलोमागे धरायचे. मांसल कोंबड्यांना थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल मिळून ५० ते १५० मिलिग्रॅम. दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांना पहिले दोन आठवडे १०० ते २००, पुढे ५० ते १००. दुभत्या गाईला हिशेब किलोमागे न करता दिवसाला करतात: साधारण १ ग्रॅम मिश्र तेल. यापुढे गेल्यास फायदा वाढण्याऐवजी खाणे घटते. तिखट, झोंबणारा वास जनावराला आवडत नाही आणि दुपटीच्या हौसेपायी वजन घटलेले दिसते.

उघडे तेल की लेपित दाणे

लेपित दाण्यात तेल कठीण केलेल्या वनस्पती चरबीत बंद असते. जठरात ते फारसे सुटत नाही. लहान आतड्यात चरबी पचवणारी विकरे लेप उकलतात आणि तेल तिथे मोकळे होते. दूध तोडलेल्या पिलांसाठी लेपितच घ्या, हे आमचे ठाम मत आहे. कोंबड्यांमध्ये उघड्या तेलावरही बऱ्यापैकी काम भागते, पण क्लॉस्ट्रिडियमचा त्रास असलेल्या शेडमध्ये तिथेही लेपित माल बरा. चांगल्या लेपाच्या दाण्यांना हातात घेतल्यावर मंद वास येतो आणि नखाने चुरडल्यावर झणझणीत. पिशवी उघडताच डोळे चुरचुरले तर लेप फुटलेला आहे किंवा तेल बाहेरच चिकटलेले आहे.

गोळी खाद्य बनवताना वाफेने खाद्याचे तापमान ७५ ते ८५ अंशांपर्यंत जाते. उघड्या तेलाचा मोठा भाग तिथे उडून जातो, आणि कमी तापमानाला वितळणारा लेपही तिथे टिकत नाही. विक्रेत्याला लेपाचा वितळबिंदू आणि गोळी झाल्यानंतर किती घटक उरतो, हे दोन्ही विचारा. उत्तर मिळत नसेल तर भरड खाद्यातच वापरा किंवा गोळी थंड झाल्यावर तेल बाहेरून फवारा.

लेबल वाचताना सावध राहा. ‘१० टक्के सुगंधी तेल’ आणि ‘१० टक्के थायमॉल’ यांत फरक आहे. १० टक्के सक्रिय घटकाचा १ किलो माल टनभर खाद्यात घातला की १०० ग्रॅम घटक जातो, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. लेबलवर तेलाचे टक्के असतील तर त्या तेलातल्या घटकाच्या टक्क्यांनी पुन्हा गुणा.

भरड खाद्यासाठी प्रीमिक्स

समजा, ७० टक्के सक्रिय घटकाचे तेल आहे आणि टनाला १०० ग्रॅम घटक हवा आहे. १०० भागिले ०.७ म्हणजे १४३ ग्रॅम तेल. हे थेट मिक्सरमध्ये ओतले तर गठ्ठे होतात: एका कोपऱ्यात मात्रा भरमसाट, बाकी ठिकाणी शून्य.

म्हणून तेल आधी खाद्यात चालणाऱ्या सिलिकावर शोषून घ्या. तेलाच्या दुप्पट, म्हणजे २८६ ग्रॅम सिलिका स्टीलच्या घमेल्यात घ्या. तेल बारीक धारेने सोडत ढवळत राहा आणि भुकटी पुन्हा कोरडी, सुटी होईपर्यंत थांबू नका. सिलिकाची धूळ श्वासात जाता कामा नये, मास्क लावा. ही ४३० ग्रॅम भुकटी झाली. तिच्यात तेवढाच भाताचा कोंडा किंवा चुनखडीची भुकटी मिसळा, मग झालेल्या मिश्रणाइतकाच वाहक पुन्हा, असे दुप्पट करत ५ किलोवर आणा. हे ५ किलो एका टनाला. मिक्सरमध्ये निम्मे धान्य गेल्यावर प्रीमिक्स टाका, मग उरलेले धान्य, आणि खाद्यतेल किंवा चरबी सगळ्यात शेवटी. चरबी आधी पडली तर भुकटी तिच्याभोवती चिकटून गोळे होतात.

मिसळ एकसारखी झाली का हे नाकाने कळत नाही. सुरुवातीला एकदा तरी मिक्सरच्या वेगवेगळ्या जागांतून दहा नमुने काढून प्रयोगशाळेत थायमॉल मोजून घ्या. नमुन्यांमधला फरकाचा गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) १० टक्क्यांच्या आत असावा. जास्त आला तर मिसळण्याचा वेळ वाढवा किंवा मिक्सरची पाती तपासा.

तयार खाद्य दोन-तीन आठवड्यांत संपवा. पिशवी उघडी, जागा गरम, महिनाभर साठवण, असे झाले की उघड्या तेलाच्या खाद्यातून गव्हाणीत पोहोचतो तो फक्त वास.

पिण्याच्या पाण्यातून

आजारी कोंबडी खाणे सोडते, पण बराच काळ पाणी पिते. लसीकरणाचा ताण, खाद्यबदल, उकाड्याची लाट अशा वेळी पाण्यातून ३ ते ५ दिवस देणे सोयीचे. अडचण एकच: तेल पाण्यात मिसळत नाही. तसेच ओतले तर ते टाकीत वर तरंगते, आणि टाकी संपत आल्यावर शेवटच्या पाण्यातून शुद्ध तेल निपलपर्यंत, म्हणजे कोंबड्या चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीपर्यंत, पोहोचते. चोच आणि घसा भाजतो.

कोंबड्या साधारण हवामानात खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितात. म्हणून खाद्यात किलोला १०० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर पाण्यात लिटरला ५० पुरे. उकाड्यात पाणी पिणे खूप वाढते, तेव्हा लिटरमागची मात्रा त्या प्रमाणात उतरवा.

मेडिकेटर म्हणजे पाण्याच्या लाइनमध्ये ठरलेल्या प्रमाणात द्रावण सोडणारे यंत्र. १ टक्क्यावर लावलेल्या मेडिकेटरसाठी १ लिटर मूळ द्रावण असे करा. ७ ग्रॅम तेल (७० टक्के घटकाचे) आणि २१ ग्रॅम पॉलिसॉर्बेट-८० (तेल पाण्यात मिसळवणारा इमल्सिफायर) काचेच्या भांड्यात एकजीव होईपर्यंत ढवळा. त्यात ४० अंशांचे कोमट पाणी थेंबाथेंबाने घाला आणि ढवळणे थांबवू नका. मध्येच मिश्रण जेलीसारखे घट्ट होईल. घाबरू नका, पाणी हळूहळू घालत राहिले की ते पुन्हा सैल आणि दुधाळ होते. इथे घाई करून एकदम पाणी ओतले की तेल फुटून वेगळे होते. मग १ लिटरपर्यंत भरा. मेडिकेटरमधून गेल्यावर लिटरला सुमारे ४९ मिलिग्रॅम घटक पडतो. द्रावण रोज ताजे करा. वर तेलाची कडी दिसली की ते फेकून द्या. हलवून पुन्हा वापरू नका.

मेडिकेटरचे साधे रबरी सील या तेलांनी फुगतात आणि मात्रा चुकते, तेलाला टिकणाऱ्या व्हायटन रबराचे सील बसवा. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात तेल घालू नका: फिनॉल जातीचे घटक क्लोरीनशी संयोग पावून उग्र वासाचे पदार्थ बनवतात आणि क्लोरीनही वाया जाते. पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल तर आधी दोन दिवस आणि नंतर एक दिवस तेल बंद. प्रत्येक फेरीनंतर पाइपलाइन स्वच्छ पाण्याने जोरात धुवा, नाहीतर मागे राहिलेले इमल्सिफायर जंतूंचे अन्न बनते.

प्राण्यानुसार थोडे वेगळे

मांसल कोंबड्यांत आतड्याचा दाह बहुतेक वेळा कॉक्सिडिया हे परजीवी आतड्याला इजा करून गेल्यावर, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात डोके वर काढतो. म्हणून तेल पहिल्या दिवसापासून द्या, त्रास दिसल्यावर सुरू करून उपयोग नाही. कॉक्सिडियावरची लस किंवा औषध तेलाच्या भरवशावर बंद करू नका. गादी (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओली असेल तर आधी गळके निपल दुरुस्त करा. ओल्या गादीपुढे कोणतेही तेल टिकत नाही.

डुकराच्या पिलांत दूध तोडल्यानंतरचे दोन आठवडे खरे कसोटीचे. युरोपीय संघात जून २०२२ पासून औषधी मात्रेतले झिंक ऑक्साइडही बंद झाले, त्यामुळे तिथे आता सेंद्रिय आम्ले आणि तेले जोडीने वापरतात. ही जोडी तर्काला धरून आहे: आम्ल ई. कोलायचे बाहेरचे आवरण कमकुवत करते आणि तेलाला आत वाट मिळते. बेंझोइक आम्ल टनाला ५ किलो हे पिलांसाठी प्रचलित प्रमाण आहे. त्याबरोबर खाद्यातली प्रथिने १८ टक्क्यांच्या आसपास उतरवा आणि कमी पडणारी अमिनो आम्ले वेगळी घाला. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजतात आणि हगवणीला खतपाणी मिळते.

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या कोटीपोटात जिवाणूंवरच पचन चालते. तिथे तेल जास्त झाले तर चारा पचवणारे जिवाणूच दबतात. लहान मात्रेने सुरुवात करा, कोंड्यात कालवून रोज ठरलेल्या वेळी, धार काढल्यानंतर द्या आणि तीन-चार आठवडे थांबा. दुधाला वास येतो का ते रोज चाखून पाहा. वासराला तेल दुधात थेंबाने टाकून देऊ नका. त्याला हगवण लागली असेल तर पहिली गरज पाणी आणि क्षारांची असते.

प्रतिजैविक हटवण्याचा क्रम

आधी दोन तुकड्यांची नोंद पूर्ण ठेवा: रोजची मर, खाद्य रूपांतर गुणोत्तर (किलोभर वजन वाढायला किती किलो खाद्य लागले), हगवणीचे दिवस, औषधाचे दिवस. मग पाणी, गादी, गर्दी आणि लसी सुधारा. पुढच्या तुकडीत वाढीसाठीचे प्रतिजैविक चालू असतानाच तेल सुरू करा, खाणे घटत नाही याची खात्री करा आणि पहिले तीन दिवस एक-तृतीयांश, पुढचे तीन दिवस दोन-तृतीयांश मात्रा द्या. तेल रुळले की त्याच्या पुढच्या तुकडीत प्रतिजैविक बंद. जे लोक एका सोमवारी औषध बंद करून मंगळवारी तेल आणायला जातात, त्यांना पहिल्याच महिन्यात फटका बसतो.

तुलना करायची तर एकाच वयाच्या, एकाच खेपेच्या दोन शेड घ्या आणि बदल फक्त तेलाचा ठेवा. पुढच्या तुकडीत शेड आलटून पालटून घ्या, कारण कित्येकदा फरक तेलाचा नसतो, वाऱ्याच्या दिशेचा असतो. अतिशय स्वच्छ, कमी गर्दीच्या शेडमध्ये तेलाचा फरक थोडाच दिसेल. ते तेलाचे अपयश नाही; तिथे मुळात प्रतिजैविकाचीही गरज नव्हती.

काय करू नये

पेनिरॉयल पुदिन्याचे तेल यकृत बिघडवते आणि गर्भपात घडवू शकते. वर्मवूड आणि टॅन्सीच्या तेलांतले थुजोन मेंदूवर परिणाम करते. गाभण जनावरांच्या जवळपासही ही तेले नकोत. लसणाचा अर्क भरपूर दिल्यास तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो, घोड्यांमध्ये विशेषतः. शुद्ध तेल तोंडात, डोळ्यांजवळ किंवा सडाच्या छिद्रातून कधीही घालू नका.

सिनामाल्डिहाइड माणसाच्या कातडीलाही भाजते आणि पुरळ उठवते. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालूनच मोजा. अंगावर सांडले तर आधी खाद्यतेलाने पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुवून डॉक्टरांकडे जा.

मर सलग दोन दिवस नेहमीच्या दुप्पट झाली, विष्ठेत रक्त दिसले किंवा पिलांचे डोळे खोल गेले, तर तेलाची मात्रा वाढवत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा, नुकतेच मेलेले जनावर शवविच्छेदनासाठी गार ठेवा, आणि प्रतिजैविक लागलेच तर पहिली मात्रा देण्याआधी नमुना घेऊन कोणत्या औषधाने जिवाणू मरतो याची चाचणी करून घ्या.